पंपाने उंची खुंटते का? बाळदमा असलेल्या मुलांच्या वाढीबद्दल

रानजाई

मुलगा ८ वर्षांचा आहे, तिसरीत. दोन पावसाळे झाले, जून लागला की त्याचा खोकला सुरू होतो, पहाटे धाप लागते आणि मग वाफ द्यायला पळापळ. फाइलवर आजवर "अॅलर्जिक ब्राँकायटिस" असंच लिहिलं जायचं. यंदा डॉक्टर बदलले. त्यांनी दमा हा शब्द सरळ उच्चारला आणि ब्यूडेसोनाइड या स्टेरॉइडचा पंप लिहून दिला. १०० मायक्रोग्रॅमचा, सकाळी एक, रात्री एक, स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामधली प्लॅस्टिकची नळी) लावून, निदान तीन महिने रोज.

औषधाची चिठ्ठी घरी आली आणि घरात दोन तट पडले. सासूबाई म्हणतात, "पंपाने पोरं खुजी राहतात, आमच्या गल्लीत बघितलंय." त्यांचा हेतू वाईट नाही, नातवावर जीव आहे त्यांचा. नवऱ्याने खोक्यातला घडीचा कागद उलगडून वाचला, तर त्यातही बारीक अक्षरात आहे की मुलांच्या वाढीचा वेग कमी होऊ शकतो. म्हणजे नुसती ऐकीव गोष्ट नाही. आता तोही म्हणतो, खोकला होईल तेव्हाच देऊ.

मुलाची उंची ११९ सेंमी. वर्गाच्या रांगेत पुढून तिसरा. नवरा १६८, मी १५४. उंची खरंच कमी होते का, होत असेल तर किती, नंतर भरून निघते का, आणि ती पंपामुळे होते की आजारामुळे, हे मला नीट समजून घ्यायचं आहे. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी कृपया लिहा. कुणी डॉक्टर असतील तर फारच बरं.

सह्यभटक्या

वाचतोय. मुलगी ६ वर्षांची, प्रश्न हाच.

माईआजी

रानजाई, मी सत्तरीची आहे, तेव्हा पंपाच्या आधीचं सांगते. आम्हा भावंडांत धाकटा भाऊ दम्याचा. आमच्या गावात तेव्हा पंप नावाची वस्तू कुणी पाहिली नव्हती. इफेड्रिन-थिओफिलिनच्या गोळ्या मिळायच्या. त्या घेतल्या की त्याचे हात थरथरायचे, झोप उडायची. रात्र रात्र तो तीन उशांवर पुढे वाकून बसलेला असायचा आणि आई पाठ चोळत असायची. शाळा बुडायची, जेवण जायचं नाही. आठवी-नववीत बाकीची मुलं वाढली, हा तसाच राहिला. छाती पुढे आलेली, पाय काडीसारखे. चार भावांत तोच सगळ्यात बुटका राहिला.

त्याला कुणीही पंप दिला नव्हता. सूनबाई, तुमच्या सासूबाईंना एवढं सांगा.

ओपीडी_डायरी

मी बालरोगतज्ज्ञ, साताऱ्याकडे प्रॅक्टिस करतो. आठवड्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न समोर येतोच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माईआजींनी लिहिलं तिथूनच सुरू करू. स्टेरॉइडचा पंप, म्हणजे बेक्लोमेथासोन, १९७२च्या सुमाराला बाजारात आला. त्याच्याही आधीपासून डॉक्टरांना दिसत होतं की जुना, जोरदार दमा असलेली मुलं वयाच्या मानाने ठेंगणी राहतात आणि वयात उशिरा येतात. कारणं बरीच आहेत. फुप्फुसांत सतत सूज असली की त्या सुजेची रसायनं रक्तात फिरतात आणि वाढीच्या संप्रेरकाचं काम मंदावतं. ते संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवतं आणि दमा नेमका पहाटे उठवतो. श्वास ओढायला जास्त ताकद खर्च होते, भूक मंदावते, खेळ सुटतो. आजार ताब्यात नसेल तर आजारच उंची खातो.

आता पंपाबद्दल. उंचीवर काहीच परिणाम होत नाही, असं सांगून मी पालकांना गप्प बसवत नाही, कारण ते खरं नाही. परिणाम होतो. किती, ते मोजलेलं आहे.

अमेरिका आणि कॅनडात १९९३ ते १९९५ दरम्यान ५ ते १२ वर्षांची १०४१ दमेकरी मुलं एका अभ्यासात घेतली. त्याला कॅम्प असं म्हणतात. काहींना ब्यूडेसोनाइड २०० मायक्रोग्रॅम दिवसातून दोनदा, काहींना नेडोक्रोमिल हे स्टेरॉइड नसलेलं औषध, काहींना नुसतं औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं, असं चार ते सहा वर्षं दिलं. पुढे या मुलांना सोडून दिलं नाही. ती सरासरी २५ वर्षांची होईपर्यंत त्यांच्यातल्या ९४३ जणांची उंची मिळवली. तो निकाल २०१२ साली आला. ब्यूडेसोनाइड घेतलेल्यांची प्रौढ वयातली सरासरी उंची १७१.१ सेंमी, औषध नसलेल्या गटाची १७२.३. फरक १.२ सेंमी. मुलींमध्ये तो थोडा जास्त, मुलांमध्ये कमी.

यातली खरी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. हा फरक जवळजवळ सगळा पहिल्या दोन वर्षांत पडला, तोही वयात न आलेल्या मुलांत. नंतर औषध चालू असूनही दरी रुंदावत गेली नाही. वर्षाला एक सेंमी याप्रमाणे दहा वर्षांत दहा, असा हिशेब बरेच पालक मनात मांडतात. तसं होत नाही. २०१४ मध्ये २५ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही पहिल्या वर्षी सरासरी अर्ध्या सेंमीच्या आसपास वाढ कमी दिसली.

डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात, जो २००० साली छापून आला, वर्षानुवर्षं ब्यूडेसोनाइड घेतलेली १४२ मुलं मोठी झाल्यावर आई-वडिलांच्या उंचीवरून जी अपेक्षा होती तिथपर्यंत पोचली होती. दोन्ही अभ्यास मी गंभीरपणे घेतो. पालकांना एवढंच सांगतो की सरासरी एक सेंमी जाईल असं धरून चला, न गेला तर आनंद.

रानजाई, तुमच्या मुलाचा डोस दिवसाला २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे कॅम्पमधल्या मुलांच्या निम्मा. त्या अभ्यासात वजनाच्या मानाने डोस जितका जास्त, तितकी उंची कमी, हेही दिसलं होतं. म्हणून आमचं काम रोग ताब्यात ठेवणारा सर्वांत लहान डोस शोधण्याचं.

आणि "खोकला होईल तेव्हाच देऊ" याबद्दल. जोराचा झटका आला की तोंडावाटे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड द्यावं लागतं. तुमच्या मुलाच्या वजनाला दिवसाला साधारण २० मिलिग्रॅम, पाच दिवस. झाले १०० मिलिग्रॅम. पंपातून तो अख्ख्या वर्षात घेणार ७३ मिलिग्रॅम. दोन्ही औषधं वेगळी आहेत, त्यामुळे मिलिग्रॅमला मिलिग्रॅम अशी तुलना चालत नाही. पण गोळी पोटातून सगळ्या अंगात जाते. पंपातलं मुख्यतः श्वासनलिकेत राहतं, आणि गिळल्या गेलेल्या औषधातलं बरंचसं यकृतात निष्प्रभ होतं. झटक्याला गोळ्या लागल्या तर जरूर द्याव्यात, जीव वाचवतात. वर्षातून चार-पाच वेळा तशी पाळी येणं मात्र मुलाच्या उंचीला रोजच्या पंपापेक्षा महाग पडतं.

रानजाई

डॉक्टर, मनापासून आभार. मी नवऱ्याला हे मोठ्याने वाचून दाखवलं. "पहिल्या दोन वर्षांत, नंतर दरी वाढत नाही" हे कुणी सांगितलंच नव्हतं.

निळा_पक्षी

मला हे इतकं सरळ वाटत नाही. स्टेरॉइड ते स्टेरॉइड. माझी भाची साडेसहा वर्षांची आहे. तिच्या दम्याला "अगदी सौम्य" औषध चालू होतं, पंपसुद्धा नाही. गेल्या दीड वर्षात ती जेमतेम दोन-अडीच सेंमी वाढली. तिचे मागच्या दिवाळीचे फ्रॉक लांबीला अजून होतात, अंगात मात्र शिरत नाहीत. सरासरी एक सेंमी ही कागदावरची भाषा झाली. आमच्या डोळ्यांसमोर मूल थांबलंय.

ओपीडी_डायरी

फ्रॉकची लांबी तीच पण रुंदीला होत नाही, हे तुम्ही फार मोलाचं लिहिलंत. जुनाट आजाराने किंवा कुपोषणाने मूल खुंटतं तेव्हा आधी वजन उतरतं, उंची मागाहून. वजन वाढतंय, गाल भरलेत आणि उंची थांबली आहे, असं चित्र असेल तर आम्ही दोन गोष्टी तपासतो. थायरॉइडसारखा संप्रेरकांचा दोष, किंवा पोटातून जाणारं स्टेरॉइड. तिला दिलं जाणारं औषध नक्की काय आहे? बाटलीचा फोटो मागवून घटक वाचा. आणि ते अचानक बंद करू नका, हे तिच्या घरी आजच सांगा. बरेच दिवस स्टेरॉइड पोटात गेलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. एकदम तोडलं तर तापात, जुलाबात मूल कोसळू शकतं.

निळा_पक्षी

ताईशी बोललो. थेंब आहेत. बाटलीवर बीटामेथासोन लिहिलंय. पहिल्यांदा एका डॉक्टरांनी चार दिवसांसाठी दिले होते. दोन तासांत मूल हसतं-खेळतं झालं. मग दर वेळी छाती वाजली की औषधाच्या दुकानातून तीच बाटली. दुकानदाराने कधी चिठ्ठी मागितली नाही, तारीख पाहिली नाही. ताईला ते "खोकल्याचे थेंब" म्हणून माहीत. महिन्यातून पंधरा-पंधरा दिवस दिले जात होते.

मला आत्ता फार राग आलाय. पंप नको, पंप वाईट, म्हणून घरच्यांनी तो टाळला, आणि त्याहून कितीतरी जास्त स्टेरॉइड चमच्यातून जात राहिलं. उद्याच तिला मुलांच्या संप्रेरकतज्ज्ञांकडे घेऊन जातोय.

ओपीडी_डायरी

जरूर न्या, बाटली आणि जुन्या चिठ्ठ्या सोबत ठेवा. वय लहान आहे, हाडांच्या टोकांची वाढ अजून बरीच बाकी आहे. स्टेरॉइड हळूहळू उतरवून दमा पंपावर आणला की अशा मुलांची उंची पुन्हा वेग पकडताना मी पाहिली आहे.

इतर वाचकांसाठी, थेंब, सिरप, "आयुर्वेदिक" म्हणून मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुड्या, यातलं कुठलंही औषध दम्यावर तासा-दोन तासांत जादूसारखं लागू पडत असेल आणि मुलाला अचानक सपाटून भूक लागत असेल, तर त्यात काय आहे ते विचारल्याशिवाय दुसरा डोस देऊ नका. बरेच दिवस चालू असेल तर मात्र वर लिहिलंय तसं अचानक तोडू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

खाकीस्वप्न

सर, तुमचं सगळं वाचलं. एका गोष्टीवर बोलायचं आहे. "फक्त एक सेंमी" हे सगळ्यांसाठी फक्त नसतं. मी बीड जिल्ह्यातला, पोलीस भरतीची तयारी करतो. पुरुषांना १६५, महिलांना १५५. मोजायच्या पट्टीखाली १६४ भरलं की तुमचे मैदानाचे गुण कुणी विचारत नाही. आमच्या अकॅडमीत पोरं मोजणीच्या आदल्या रात्री लवकर आडवी होतात, सकाळी उठून थेट ग्राउंडवर जातात, कारण संध्याकाळपर्यंत उंची थोडी दबते. अशा घरात आईने पंपाला घाबरणं चूक आहे असं मला म्हणवत नाही.

ओपीडी_डायरी

तुमचं म्हणणं मान्य. सरासरीच्या आकड्यात तो एक मुलगा हरवतो ज्याचा १६४ आणि १६५ मध्ये सगळा फरक आहे. मी यापुढे "फक्त" हा शब्द जपून वापरीन.

तरी दुसरी बाजू पाहा. दमा मोकाट ठेवून तो एक सेंमी वाचेल याची खात्री नाही, उलट जास्त जाण्याचा संभव आहे. आणि भरतीला १६०० मीटर धावायचंही असतं. ताब्यात नसलेल्या दम्याचा मुलगा चौथ्या फेरीत छाती धरून बसतो. मुलाचं स्वप्न खाकीचं असेल तर डॉक्टरांना ते आधीच सांगा. कमी डोस, उत्तम तंत्र, दर तीन महिन्यांनी फेरविचार हे सगळं मग आणखी काटेकोर करता येतं. औषधांतही फरक असतो. बेक्लोमेथासोनचा वाढीवरचा परिणाम काही नव्या औषधांपेक्षा जास्त दिसतो.

उशिरा_आलेला_पाऊस

माझा अनुभव. वय ३१, कोल्हापूरजवळचं गाव. लहानपणी दमा इतका की हंगामात उसाचा पाला पेटवला की आई खिडक्यांना ओली चादर लावायची. दहावीच्या ग्रुप फोटोत मी मुलींच्या रांगेशेजारी उभा आहे, १४८ सेंमी. आवाज फुटला नव्हता, मिशी नव्हती. मुलं "चिल्लर" म्हणायची. आई-बाबांनी उंची वाढवायच्या पावडरींवर किती पैसे घातले ते विचारू नका.

एका डॉक्टरांनी डाव्या मनगटाचा एक्स-रे काढला आणि सांगितलं, वय १५ पूर्ण, पण हाडं साडेबारा वर्षांच्या मुलाची आहेत. म्हणजे उंची संपलेली नाही, उशिरा येणार आहे. पावडरी बंद करा, पंप नीट घ्या आणि जेवा. बारावीच्या वर्षात पँटी आखूड व्हायला लागल्या. आज १६९ आहे. बाबा १७०.

दहावी ते बारावी हा काळ मात्र फार वाईट गेला. पालकांना विनंती, मूल मागे राहिलेलं दिसलं तर तो एक्स-रे लवकर काढा. "हाडं लहान आहेत" हे एक वाक्य मला आठवीत कळलं असतं तर मी स्नेहसंमेलनात नाव द्यायला घाबरलो नसतो.

ओपीडी_डायरी

याला भर म्हणून एवढंच, दम्यात वयात येणं लांबतं हे नेहमीचं. १२-१३ व्या वर्षी बरोबरची मुलं झपाट्याने वाढतात आणि हा जुन्याच संथ वेगात असतो, त्यामुळे दरी आहे त्याहून मोठी दिसते. नेमक्या याच वेळी सगळा दोष पंपाला जातो आणि पंप बंद होतो. मुलाच्या वडिलांना किंवा आईला वयात यायला उशीर झाला होता का, हेही विचारून पाहा. बऱ्याच घरात उत्तर हो असं येतं.

मुलींच्या बाबतीत वेळ कमी असतो. पाळी सुरू झाली की साधारण दोन वर्षांत उंची थांबत येते. त्यामुळे मुलीची नोंद पाळीच्या बरीच आधी सुरू व्हायला हवी.

लीड्सची_मनवा

इथे इंग्लंडमध्ये माझ्या मुलीला पाचव्या वर्षी दम्याचं निदान झालं. दर वर्षी अस्थमा नर्सकडे तपासणी असते. त्यात पंप घेऊन दाखवायचा, उंची आणि वजन मोजून तक्त्यावर टिंब पडतं. घरी एक कागद आहे, फ्रिजवर लावलेला: बरं असताना काय घ्यायचं, बिघडलं तर काय, आणि कुठल्या खुणा दिसल्या की थेट इस्पितळ. ऑक्टोबर २०१४ पासून शाळांना आणीबाणीसाठी स्वतःजवळ सॅल्ब्युटॅमॉलचा (लगेच आराम देणारा) पंप ठेवायची कायद्याने मुभा आहे.

सुट्टीत ठाण्याला गेले की मावश्या विचारतात, एवढ्याशा पोरीला रोज पंप? मी तो कागद दाखवते. भारतात असा कागद डॉक्टरांकडून मागून घेता येतो, एक पान तर असतं. आपण विचारत नाही.

चुलीपाशी

कुणी खाण्याबद्दल बोललं नाही म्हणून लिहिते. माझ्या लेकाला दमा निघाला त्या दिवसापासून घरात यादी तयार झाली. दही नको, ताक नको, केळं नको, पेरू नको, भात रात्री नको, दूध कफ करतं, शेंगदाण्याने खोकला होतो, अंडं उष्ण. शेवटी पोराच्या ताटात पोळी आणि बटाट्याची भाजी उरली. वर्षभर हेच. आहारतज्ज्ञ बाईंनी ताट बघून विचारलं, याच्यात प्रथिनं कुठं आहेत, हाडाला लागणारं कॅल्शियम कुठं आहे? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यांनी एकेक पदार्थ परत आणायला लावला, आठवड्याला एक, आणि वहीत लिहायला. कशानेही दमा उठला नाही. दुपारच्या जेवणात दही, संध्याकाळी शेंगदाण्याचा लाडू किंवा केळं, एक दिवसाआड अंडं, डाळ घट्ट. अंगणात खेळणं सुरू झालं तसं ऊनही मिळायला लागलं. पंपावर उंचीचं खापर फोडण्याआधी ताटाकडे बघा, बायांनो.

ओपीडी_डायरी

शंभर टक्के अनुमोदन. एखाद्या मुलाला एखाद्या पदार्थाची खरी अॅलर्जी असते, तेव्हा तो पदार्थ लगेच आणि दर वेळी त्रास देतो. तो एकच बंद करायचा. सरसकट पथ्याने दमा बरा होत नाही आणि वाढीचं नुकसान मात्र होतं.

सह्यभटक्या

एक विचारायचं होतं. आमचे एक नातेवाईक मृगाला हैदराबादला घेऊन चला म्हणतात, जिवंत मुरल मासा औषध भरून गिळायला देतात तिथे. तीन वर्षं न्यावं लागतं म्हणे. मन म्हणतं काय हरकत आहे.

माईआजी

भावाला आमच्या वडिलांनी जिथे जिथे कुणी सांगितलं तिथे नेलं. दम्याला बरं वाटण्याचे महिने आपोआपही येतात, मग श्रेय शेवटच्या उपायाला जातं. श्रद्धेने गेलात तर मी अडवणार नाही, पण पोरीचा पंप एक दिवसही चुकवू नका. गर्दीत धाप लागली तर लगेच आराम देणारा पंप तुमच्या खिशातच असू द्या, पिशवीत खाली नको.

कृष्णाकाठ

मुलीची आई म्हणून नाही, दमा असलेली मुलगी म्हणून लिहिते. माझ्या घरी पंप लपवला जायचा. पाहुणे आले की कपाटात. कारण उंची नव्हतं, पण तोंडावर तेच सांगितलं जायचं: "उंची कमी राहील, स्थळं येणार नाहीत." बायोडेटात ५ फूट १ इंच लिहायचं आणि दमा लिहायचा नाही. मी शाळेच्या बाथरूममध्ये पंप घेतलाय, घाईत, स्पेसरशिवाय, तोंड न धुता. निम्मं औषध जिभेवर. त्यामुळे दमा आटोक्यात यायचा नाही आणि डोस वाढायचा.

आज मी ५ फूट १ इंच आहे, माझी आईही तेवढीच. ज्या भीतीपायी पंप लपवला त्यातलं काहीच झालं नाही. मैदानं मात्र सुटली. कबड्डी मला फार आवडायची. आपल्या मुलींना पंप सगळ्यांसमोर घेऊ द्या, एवढंच मागणं आहे.

ओपीडी_डायरी

कृष्णाकाठ यांनी तंत्राचा मुद्दा आणला, तो उंचीशी थेट जोडलेला आहे. माझ्याकडे "पंप लागू पडत नाही, डोस वाढवा" म्हणून आलेल्या पालकांना मी आधी समोर पंप द्यायला सांगतो. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते. पंप हलवलेलाच नसतो. दोन फवारे एकदम मारलेले असतात. मास्क गालाला नीट टेकलेला नसतो, कडेने औषध उडून जातं. किंवा फवारा मारून लगेच मास्क काढतात, मुलाने श्वास घ्यायच्या आत. एक फवारा, मास्क घट्ट, पाच-सहा सावकाश श्वास मोजायचे, मग अर्धं-एक मिनिट थांबून दुसरा. नंतर चूळ भरून पाणी थुंकायचं. मूल साधारण पाच-सहा वर्षांचं झालं की मास्क काढून तोंडात नळी धरायला शिकवा.

स्पेसर आठवड्याला साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि तसाच निथळत ठेवा. फडक्याने आतून पुसलात तर प्लॅस्टिकवर स्थिर वीज बसते आणि औषधाचे कण भिंतीला चिकटतात, पोरापर्यंत पोचत नाहीत.

तंत्र सुधारून आणि घरातली मच्छर कॉइल, धूप, भिंतीची ओल यांचा बंदोबस्त करून कित्येक मुलांचा डोस मी वाढवायच्या ऐवजी निम्म्यावर आणू शकलो आहे.

रानजाई

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. सासूबाईंना माईआजींचा आणि कृष्णाकाठ यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग स्वतःच म्हणाल्या, रात्रीचा फवारा मी देत जाईन, मला शिकव. पंप सुरू केला आहे.

दोन शंका राहिल्या. घरी उंची कशी आणि किती दिवसांनी मोजू? आणि पुढे डोस कमी कसा करतात? तीन महिन्यांनी बरं वाटलं तर आपणच एक वेळ बंद केली तर चालेल का?

ओपीडी_डायरी

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

मोजणी. भिंतीला पाठ, टाचा, कुल्ले, खांदे टेकलेले, पायात काही नाही, नजर सरळ समोर. डोक्यावर जाड पुस्तक काटकोनात धरून पेन्सिलीची खूण, आणि स्टीलच्या टेपने मोजायचं, शिवणाची टेप ताणली जाते. दर वेळी सकाळीच मोजा, खाकीस्वप्न यांनी लिहिलंय ते बरोबर आहे. दर महिन्याला मोजू नका, कारण घरच्या मोजणीत अर्धा सेंमी इकडेतिकडे होतोच आणि जीव उगाच टांगणीला लागतो. सहा महिन्यांनी एकदा पुरे. तुमच्या मुलाच्या वयात वर्षाला ५ ते ६ सेंमी वाढ अपेक्षित आहे. ४ च्या खाली गेली तर डॉक्टरांना दाखवा, आणि तेव्हाही कारण पंपच असेल असं धरू नका. थायरॉइड, गव्हाचा सिलियाक आजार, रक्तक्षय हेही बघावं लागतं.

पाच वर्षांनंतर भारतीय मुलांसाठी २०१५चे आयएपीचे (भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे) तक्ते वापरा. ते काम पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी देशभरातल्या मुलांच्या मापांवरून केलेलं आहे. ११९ सेंमी त्या तक्त्यावर खालच्या बाजूला असली तरी मर्यादेच्या चांगली आत आहे. तुम्हा दोघांच्या उंचीची बेरीज करून त्यात १३ मिळवा आणि निम्मे करा. १६७.५ येतात. त्याच्या आठेक सेंमी इकडेतिकडे कुठेही तो थांबला तर ती त्याच्या घराण्याची उंची आहे. मुलगी असेल तर १३ मिळवण्याऐवजी वजा करायचे.

डोस. स्वतःहून एक वेळ बंद करू नका. तीन महिने पूर्ण शांत गेले पाहिजेत, म्हणजे रात्री उठणं नाही, खेळताना धाप नाही, आराम देणारा पंप क्वचितच. मग आम्ही डोस पाव ते निम्म्याने उतरवतो आणि पुन्हा तीन महिने थांबून पाहतो. उतरवण्याची वेळही निवडावी लागते. तुमच्या मुलाचा दमा पावसात उठतो, म्हणून जून-जुलैत हात लावायचा नाही, दिवाळीच्या धुरातही नाही. तुम्ही आत्ता सुरू केलंय, तर डिसेंबरनंतर डॉक्टरांकडे हा विषय काढा. जाताना उंचीची वही आणि स्पेसर दोन्ही सोबत न्या.